आजीच्या पेटीतली 65 सालची पत्रं आणि मुलाणी आजी

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आजी (आईची आई) पौषात गेली. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडचं गाव, आजोबा मिलिटरीत होते, ते 20 वर्षांपूर्वीच गेले. परवा आई, मावशी आणि मी मिळून आजीची काळी ट्रंक उघडली, तीच आजोबांची फौजेतली, वर पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेली. आत इरकल, नथ, यमाईचा टाक आणि दोऱ्याने बांधलेली 31 पत्रं. जास्त करून अंतर्देशीय. पत्ता पाठवणाऱ्याचा म्हणजे नुसता पलटणीचा आणि खाली 56 ए.पी.ओ. (फौजेचं पोस्ट), माणूस नेमका कुठंय ते काहीच कळत नाही.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं. पत्रं वाचून दाखवायची ती पलीकडल्या आळीतली तिची मैत्रीण, आम्ही तिला मुलाणी आजी म्हणतो. तिचाही नवरा फौजेत. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, पाणी एकाच आडाचं. आजी मंगळवारी यमाईला तेल घालायची ते दोघांच्या नावाने आणि मुलाणी आजी गुरुवारी पिराला ऊद लावायची तेही दोघांच्या नावाने. हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय.

आजी सांगायची की 65 च्या लढाईत आजोबांचं पत्र आलं, "मी खुशाल आहे, काळजी करू नये, पोराला जप." आता ते पत्र माझ्या हातात आहे. त्यात लिहिलंय की उजव्या हातात गोळ्याचे तुकडे घुसले, दवाखान्यात आहे, बोटं अजून हलत नाहीत. खुशाल हा शब्दच नाही. म्हणजे मुलाणी आजीने वेगळंच वाचलं. दिवाळीला आजोबा घरी आले तेव्हा आजीला हात दिसला आणि आई म्हणते त्यानंतर कित्येक महिने दोघी बोलत नव्हत्या. का ते आईलाही आत्ता पत्र वाचल्यावर कळलं.

दोन प्रश्न आहेत. एक, ते पत्र आणि त्याच्या पुढचं अशी दोन पत्रं वेगळ्याच अक्षरात आहेत, असं का असेल? आणि दुसरा, तुमच्या घरात कोणी लढाईच्या काळात असं मागे राहिलं होतं का, त्या बायकांनी ते दिवस कशावर काढले? आजी म्हणायची यमाईने काढले. मला ही पत्रं बघून वाटतंय की मुलाणी आजीने काढले. आणि तिने केलं ते बरोबर होतं का, हे काही मला ठरवता येईना.

फौजी_पोरगा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंय ताई. उजवा हात जायबंदी, मग लिहिणार कसा? बाजूच्या कॉटवरचा नाहीतर दवाखान्यातला कुणीतरी लिहून देतो. माझे वडील सिग्नल्समध्ये होते, त्यांनी अशी कितीतरी पत्रं दुसऱ्यांसाठी लिहिली. तिसऱ्या पत्रापासून अक्षर परत आजोबांचं असेल तर हात चालायला लागला म्हणायचं.

कृष्णाकाठची
अरे हो की!! तिसरं पत्र त्यांचंच आहे पण अक्षर मोठं मोठं, पहिलीतल्या पोरासारखं. आम्हाला वाटलं घाईत लिहिलंय. आईला आत्ता सांगितलं, ती ते पत्र घेऊन आत जाऊन बसलीय.

रानजाई
वाचून गलबललं. माझं आजोळ पाटण तालुक्यात. आजी आणि तिची धाकटी जाऊ, दोघींचे नवरे 71 ला सीमेवर. दोघींनी काळूबाईला रोज दिवा बोलला होता, लढाई संपेपर्यंत एक दिवसही खाडा नाही. आता बायकांचे चार दिवस असतातच ना, तेव्हा तर सगळं कडक, बाहेर बसायचं, दिव्याला हात लावायचा नाही. मग एकीचे चार दिवस आले की दुसरी लावायची आणि तिचे आले की ही. आजी सांगायची, आमचा दिवा एक दिवस इझला न्हाई कारण आमी दोघी होतो. एकटीचा नवस पुराच झाला नसता! सोबत आणि श्रद्धा असं वेगवेगळं करताच येत नाही गं, मला तरी येत नाही.

मेतकूट
रानजाई, हे किती खरं आहे. एकटीने पाळायचं म्हटलं तर पाळताच येणार नाही असाच तो नवस होता.

तर्कट
सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो. दिवा इझला नाही म्हणून माणूस परत आला असं म्हटलं तर ज्यांचे आले नाहीत त्यांच्या बायकांचा दिवा इझला होता का? हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो, कारण माझ्या आत्याचे यजमान आले नाहीत आणि तिच्या सासूने आयुष्यभर "हिचंच काहीतरी चुकलं" असं म्हटलं. मुलाणी आजींनी जे केलं ते माणसाने माणसासाठी केलं, मला ते मोठं वाटतं.

सागरिका
तर्कट, तुमच्या आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. याच विषयावर लिहायला बसले होते.

71 मध्ये आम्ही मुंबईत नौदलाच्या क्वार्टर्समध्ये होतो, मी सात वर्षांची. 3 डिसेंबरपासून ब्लॅकआउट. खिडक्यांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा झाला की जिन्याखाली. बाबा बोटीवर. तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. आई आणि समोरच्या काकू गुरुवारची महालक्ष्मी करायच्या, एकाच घरी घट मांडायचा, एका आठवड्याला आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. 9 डिसेंबरला गुरुवार होता. काळा कागद लावलेल्या खोलीत एका निरांजनावर काकूंनी कहाणी वाचली, नैवेद्य झाला, आम्ही मुलं तिथेच झोपलो. त्याच रात्री दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक. काकूंचे यजमान खुकरीवर होते.

पुढचा गुरुवार 16 डिसेंबर, महिन्यातला शेवटचा. संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, ढाक्यात शरणागती झाली, सगळी बिल्डिंग खाली रस्त्यावर. घरात आईने घट मांडायला घेतलाच नव्हता. काकू स्वतः आल्या, पाट मांडला आणि म्हणाल्या, "तुझे यायचेत अजून. मांड." आईने मांडला. बाबा आले. आईने पुढे 40 वर्षं मार्गशीर्ष केला पण दर शेवटच्या गुरुवारी पहिली ओटी काकूंची भरायची, त्या जिथे असतील तिथे जाऊन, पुण्याला, नंतर नाशिकला. लोकांनी बोललं, कुंकू नसलेल्या बाईची ओटी भरते म्हणून. आईने एकदाही उत्तर दिलं नाही.

देव कुणाचं ऐकतो ते मला माहीत नाही. त्या दोघी एकमेकींचं ऐकायच्या एवढं पाहिलंय.

निळीनिळाई
सागरिका 🙏

मेतकूट
ऑफिसात बसून रडतेय. काकूंना नमस्कार.

पंचांगवाला
कॅलेंडर लावून पाहिलं, बरोबर आहे. 2 डिसेंबरला पौर्णिमा होती, म्हणजे लढाईचे सगळे दिवस मार्गशीर्षाच्या वद्यात गेले आणि 9 आणि 16 दोन्ही गुरुवारच. जाता जाता 65 चंही पाहिलं. 6 सप्टेंबरला लाहोरकडची आघाडी उघडली, 23 ला शस्त्रसंधी. 10 तारखेला पौर्णिमा, म्हणजे जवळजवळ सगळी लढाई पितृपंधरवड्यात! गावाकडे त्या दिवसांत नुसता कावळा ओरडला तरी बायकांच्या पोटात गोळा येत असणार.

कृष्णाकाठची
बाप रे. आजी म्हणायची खरी, "म्हाळाच्या दिसांत तार नको गं बाई." ते लढाईबद्दल होतं हे आत्ता लक्षात आलं.

आजोळ
तारेवरून. आमच्या गावात पोस्टमन पत्र आणायचा तेव्हा लांबूनच हात वर करून पत्र दाखवायचा, म्हणजे तार नाही हे कळावं. तार असली की तो आधी पोलीस पाटलाकडे जायचा. त्यामुळे तो कुठल्या बाजूला वळतो याकडे सगळ्या बायकांचं लक्ष, हातातलं जातं थांबायचं. हे सगळं पणजीच्या वेळेपासून. पणजीचे सासरे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, कूटच्या वेढ्यात मराठ्यांच्या पलटणी अडकल्या होत्या ना, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, आणि मग कैद. त्या काळात कसलं पत्र न् काय. मनीऑर्डर येतेय म्हणजे माणूस आहे, एवढाच हिशोब.

फौजी_पोरगा
सातारा म्हटल्यावर अपशिंगे मिलिटरी सांगायलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली, स्मारक आहे गावात. 46 म्हणजे प्रत्येक आळीत कुणीतरी. आपण त्या 46 बद्दल बोलतो पण एका गावात एवढ्या बायका एकदम तशा झाल्यावर त्यांनी एकमेकींना कसं धरलं असेल हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणून हा धागा महत्त्वाचा वाटतो.

कंदीपेढा
थोडं हलकं लिहितो, चालेल ना. 65 ला शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून सांगितलं. आमच्या आजीचा सोळा सोमवारांपासून चालू असलेला कायमचा सोमवार. ती म्हणे, "म्या आधीच धरलाय, आता मंगळवार पण धरते, शास्त्रींना सांगा." मग गल्लीतल्या सहासात जणींनी वार वाटून घेतले आणि आठवडाभर कुणाचा ना कुणाचा उपास चालूच. धान्य किती वाचलं माहीत नाही, साबुदाणा मात्र गावातून संपला!

मेतकूट
😂 साबुदाण्यावर लढलो म्हणजे आपण.

विणकर
आम्ही पुण्याचे, घरात फौजी कोणी नाही, पण 62 ची आठवण आहे. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि आठवड्यात दिवाळी. त्या वर्षी वाड्यात फराळ झाला नाही म्हणजे नाहीच. आजीच्या भजनी मंडळातल्या बायकांनी लोकर आणून जवानांसाठी स्वेटर आणि कानटोप्या विणायला घेतल्या. आजी विणताना एका सुईला एक नाम घ्यायची, विठ्ठल विठ्ठल करत ओळ संपवायची आणि टाका सुटला की नाम पण परत पहिल्यापासून. "अनोळखी लेकराच्या डोक्यावर माझा विठ्ठल बसणार आहे" म्हणायची. पुढे संरक्षण निधीला सोनं द्यायची वेळ आली तेव्हा आजीने पाटल्या दिल्या. तिची मैत्रीण गरिबाघरची, तिच्याकडे मंगळसूत्राच्या दोन वाट्या सोडून सोनंच नव्हतं. ती एक वाटी सोडवून द्यायला लागली तर आजीने तिला थांबवलं, आपली तिसरी पाटली पण काढली आणि पावतीवर तिचं नाव घालायला सांगितलं. ती पावती त्या आजींच्या नातवाकडे आहे अजून, फ्रेम करून.

बेळगावकर
62 म्हटलं की यशवंतराव आठवतात, नोव्हेंबरात मुख्यमंत्रीपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री. आमच्या बेळगावात तर मराठा पलटणीचं सेंटरच, पोरं गाडीत बसताना शिवाजी महाराज की जय ओरडायची, आणि मागे फलाटावर बायका गाडी हलेपर्यंत एकमेकींचे हात धरून असायच्या. गाडी गेली की कोण कुठल्या गावची ते विचारायला सुरुवात. माझ्या आईची आयुष्यभराची मैत्रीण तिला त्या फलाटावर भेटली.

तर्कट
सागरिका, तुमच्या आईंबद्दल परत परत वाचलं. माझ्या आत्याला अशी एक मैत्रीण असती तर, एवढंच मनात येतंय. मी वर जे लिहिलं त्यातलं देवाबद्दलचं मत तेच आहे, पण व्रत म्हणजे नुसता देव नसतो हे मान्य करतो.

निळीनिळाई
कुंकवावरून आठवलं. ज्यांचं काहीच कळलं नाही त्यांच्या बायकांचं काय? 71 मध्ये बेपत्ता झालेल्यांपैकी 54 जणांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कैद्यांची अदलाबदल डिसेंबर 72 ला झाली, त्यात हे आले नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान लढाईच्या तिसऱ्या दिवशी पडलं, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, यांनी उभं आयुष्य शोधात घातलं. 2007 साली नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून आले, हाती काही लागलं नाही. अशा बाईने हळदीकुंकवाला जायचं की नाही हे ठरवणार कोण? आमच्या गावात अशी एक आजी होती. संक्रांतीला बाकीच्या बायका तिच्या दारात जायच्या आणि करंडा तिच्यासमोर नुसता धरायच्या. तिने बोट बुडवलं तर लावायचं, नाही बुडवलं तर वाण देऊन यायचं. कुणी काही विचारायचं नाही. काही वर्षी बुडवायची, काही वर्षी नाही.

रानजाई
हे मी कधी विसरणार नाही. आता 2022 ला शिरोळ तालुक्यात हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला त्याचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं, पण तुमच्या गावच्या बायकांनी ठराव न करता केलं.

कारगिलची_सून
मी या पिढीची म्हणून लिहिते. 99 साली लग्नाला एक वर्ष, हे द्रासकडे. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता त्यामुळे वटपौर्णिमा थेट जूनच्या शेवटी, ऐन लढाईत. टीव्हीवर रोज शवपेट्या. मी नोकरी करणारी, वडाबिडाला न जाणारी. त्या दिवशी शेजारच्या ताई, त्यांचा घटस्फोट झालेला, त्या दारात सूत घेऊन उभ्या. म्हणाल्या, "विश्वास नसू दे, चल नुसती, घरात बसून टीव्ही बघू नकोस." त्यांनी वडापाशी पिशवी धरली, मी फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला भोवळ आली तर त्यांनीच सावरलं. मला आजही वडावर श्रद्धा आहे असं नाही म्हणता येणार, पण दर वर्षी जातो, दोघी.

मूळ प्रश्नावर. मुलाणी आजींनी खोटं वाचलं ते चुकलंच असं मला वाटतं. मला कुणी "सगळं ठीक आहे" म्हणून झुलवत ठेवलं असतं तर मी माफ केलं नसतं. आपल्या माणसाला काय झालंय हे कळणं हा बाईचा हक्क आहे.

आजोळ
कळून तिने काय केलं असतं पण? 65 साली कोरेगावहून कुठल्या दवाखान्यात जाणार? पत्त्यावर तर 56 ए.पी.ओ.

कारगिलची_सून
रडली असती. तेवढा तरी हक्क असतोच ना.

बेळगावकर
मला दुसरीच शंका आहे. त्या काळात खेड्यातली एक मुलाणी सून वाचायला शिकली कशी?

पंचांगवाला
ग्रामशिक्षण मोहीम. 1959 ला सुरू झाली ती सातारा जिल्ह्यातच, मग दोनेक वर्षांत सगळ्या महाराष्ट्रात नेली. रात्री कंदील लावून देवळात, चावडीत प्रौढांचे वर्ग, पूर्ण गाव साक्षर झालं की समारंभ व्हायचा. मुलाणी आजी त्यातल्या असतील.

कृष्णाकाठची
हो! रात्रशाळेत शिकले असं त्या सांगतात. आजीला तिच्या सासूने जाऊ दिलं नव्हतं.

आईने एक आठवण सांगितली, ती लिहिते. 71 ची लढाई लागली तेव्हा आजोबा परत पलटणीत, हात पूर्ण बरा नव्हता म्हणून स्टोअरला होते. आई सहा वर्षांची. पहिलं पत्र आलं तशी आजी ते घेऊन मुलाणी आजीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, आई मांडीवर. आणि म्हणाली, "समदं वाच. गाळू नको." मुलाणी आजीने पत्र उघडलं आणि वाचायच्या आधी तिच्या पुढ्यात धरून, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. आईला वाटायचं तो खेळ आहे. म्हणजे तेव्हा बोलणं परत सुरू झालं होतं, पण पत्राच्या बाबतीत आजी विसरली नव्हती.

मुलाणी आजी आहेत अजून, 82 च्या पुढे, कानाला कमी येतं पण डोकं टकाटक. आजीच्या दहाव्याला घाटावर लांब दगडावर बसून होत्या. रविवारी गावी जातेय, विचारते.

मेतकूट
जपून विचार गं. जाब विचारल्यासारखं नको.

फौजी_पोरगा
रविवार झाला. धागा वर आणतोय.

कृष्णाकाठची
आले कालच. पत्र घेऊन गेले होते. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा पुसला, सगळं मनात वाचलं आणि घडी घालून परत दिलं. मी मोठ्याने विचारलं, आजी, तुम्ही हे का नाही वाचलं तेव्हा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, हिला एवढंही कळत नाही का असं. म्हणाल्या, "अगं, तिला सातवा चालू होता."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचा जन्म डिसेंबर 65 चा. आजोबा शिमग्याला रजेवर आले होते. इतके दिवस आम्ही सगळे चूक की बरोबर करतोय आणि आई समोर बसलेली.

त्या पुढे म्हणाल्या, "आधीचं एक गेलं होतं तिचं, सातव्यातच. मला म्हाईत होतं, तुझ्या आज्याला म्हाईत होतं, दवाखान्यातनं लिहून घेणाऱ्याला कुठनं म्हाईत आसणार." मग म्हणाल्या, दिवाळीत आजोबांचा हात बघून आजी आली, दारातच "तू मला फशिवलंस" म्हणाली आणि गेली. त्याच्यावर एक शब्द नाही बोलली. "डिसेंबरात पोट दुखाया लागलं तवा सासूनं सुईणीला सांगावा धाडला, मला न्हाई. मी आपली आपण गेले. बोलत न्हवती. पन हात माझाच धरला, ह्यो बघ हितं नखं रुतली होती." आणि मनगट पुढे केलं. आता तिथे काही दिसत नाही, सुरकुत्याच आहेत. मी तरी बघितलं.

आईला फोनवर सांगितलं. ती आज दुपारच्या गाडीने गावी गेलीय, दहाव्याला राहिलेली चोळी-पातळ मुलाणी आजीला द्यायची आहे म्हणाली.

कारगिलची_सून
माझं वरचं वाक्य मागे घेत नाही, पण मुलाणी आजींच्या जागी मी असते तर मीही वाचलं नसतं.

सागरिका
मनगटावर हात फिरवून ये माझ्याकडून, परत गेलीस की.

विणकर
ताई, एक कामाचं. त्या पत्रांना लॅमिनेशन अजिबात करू नका, अंतर्देशीयचा कागद कायमचा जातो. दोरा सोडा, घड्या उघडून सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद, लोखंडी ट्रंकेत परत नको, ओल धरते. आणि आधी मोबाईलवर स्वच्छ उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या.

कृष्णाकाठची
करते. दोरा मात्र वेगळा जपून ठेवते, तो पिराचा आहे.